डावी बाजू मोकळी होती

जरा माझ्याबरोबर कल्पना कर. संक्रांतीची दुपार आहे, गच्ची आहे आणि तुझ्या हातात मांजा आहे. पतंग इतका वर गेला आहे की डोळ्यांना तो ठिपक्याएवढा दिसतो, पण बोटांना तो अजून पूर्ण कळतो. तो डावीकडे ओढतो, की वारा पडला, की त्याला अजून ढील हवी आहे, हे सगळं मांजा बोटांना सांगत असतो. आणि मग एकदम बोटांतलं वजन जातं. दोरी हातातच असते, पण तिच्या पलीकडे काही नसतं. तू ओढतोस आणि ती नुसती येत राहते. तो क्षण नीट आठव. आता गच्चीवरून खाली उतर आणि वर्ध्यातल्या एका घराच्या मागच्या खोलीत ये. आवाज करू नकोस. तिथे पलंगावर एक म्हातारा माणूस उताणा पडला आहे. त्याचं नाव प्रभाकरराव भोयर. त्याच्या हातात त्या दिवशी मांजा नव्हता, गाडीचं स्टिअरिंग होतं. पण वजन जाणं तेच.

पंधरा दिवस झाले होते, तरी ते वजन परत आलं नव्हतं. उजव्या खांद्याचं हासळीचं हाड मोडलं होतं, हात गळ्यातल्या झोळीत होता. उजव्या पायाला घोट्यापासून वर प्लास्टर. डॉक्टर म्हणाले होते, या वयात हाडं सावकाश जुळतात, पण जुळतात. हाडांची काळजी प्रभाकररावांना नव्हतीच. डोळा लागू लागला की पलंग सरकायचा. आधी मागची बाजू, मग पुढची, अगदी हळू, तेल सांडलेल्या फरशीवरून सरकल्यासारखा. डाव्या हाताने ते पलंगाची लाकडी कड घट्ट धरायचे आणि डोळे उघडायचे. पंखा जागेवर असायचा. खिडकीच्या गजांवरचा सदरा जागेवर असायचा. सगळं जागेवर आहे आणि आपण तेवढे सरकतो आहोत, हे त्यांना कोणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगायला घरात कोणी नसायचंच. सव्वानऊला मुलगा कैलास ऑफिसला निघायचा, त्याच्यामागे सून दिपाली तिच्या पॅथॉलॉजीत, त्याच्याही आधी नात आकांक्षा शाळेच्या ऑटोत. कडी वाजायची. मग थर्मासमधला चहा, झाकून ठेवलेली भाजी-पोळी, स्टेशनाकडून येणारा गाडीचा भोंगा, भाजीवाल्याच्या ऑटोवरचं तेच ते रेकॉर्ड केलेलं ओरडणं, आणि दुपार. छत्तीस वर्षं ज्याच्या दुपारी चाळीस-पन्नास पोरांच्या कलकलाटात गेल्या त्या माणसाला एवढी मोठी दुपार कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. फरशी पुसलेली असली की ते वॉकर धरून उठायचेच नाहीत. पाण्याचा शेवटचा डाग वाळेपर्यंत पाहत राहायचे.

आणि पाहता पाहता तो रस्ता यायचा. सेलू मागे पडलं होतं, सिंदी पुढे होती. सिंदीला त्यांची बहीण देवकाबाई राहते, तिच्याकडे जेवायला चालले होते. मागच्या सीटवर आकांक्षा. सकाळी थोडं पाणी भुरभुरून गेलं होतं, मग ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी झालेली वावरं, मध्येच एखादं कपाशीचं पांढरं होऊ लागलेलं. आणि एका वळणानंतर रस्त्याच्या उजव्या अर्ध्यावर पसरलेलं सोयाबीन, झाडांसकट, शेंगांसकट, कडेने दगड लावलेले. एक म्हातारी बाई काठीने पसारा खालीवर करत होती. ज्याचं वावर एकरभर, त्याला मळणीयंत्र बोलावणं परवडत नाही. तो पीक रस्त्यावर टाकतो. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात, संध्याकाळी झाडून, उपणून घरी न्यायचे. शहरातला माणूस अशा पसाऱ्याला वळसा घालतो, वर दोन शिव्या घालतो. प्रभाकररावांनी वळसा कधी घातला नव्हता.

ते सात वर्षांचे असताना त्यांच्या गावावरून पहिल्यांदा डांबरी रस्ता गेला होता, आणि त्या रस्त्यावरून दिवसातून एकदा एसटी. बापाने तूर रस्त्यावर पसरली होती आणि पोराला शंभर पावलं पुढे उभं केलं होतं. काम एवढंच, गाडी आली की हात जोडून पसाऱ्याकडे दाखवायचं. एसटी आली. ड्रायव्हर जाडा, मिशीवाला. त्याने पोराकडे पाहिलं, गाडी हळू केली आणि आपली बाजू सोडून बरोबर तुरीवरून नेली, कडकडकड आवाज करत. पुढे जाऊन त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. बाप त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाला, भला माणूस आहे. कोण होता, कुठला होता, पुन्हा कधी कळलं नाही. पण साठी उलटल्यावर प्रभाकररावांनी जुनी का होईना गाडी घेतली, तेव्हा त्यांच्या मनात तो हात होता. दर सोंगणीच्या दिवसांत ते मुद्दाम पसाऱ्यावरून जायचे. कोणी दाखवलं नाही तरी जायचे. समोरून काही येत नाही हे पाहायचं, वेग कमी करायचा, वळवायची. आकांक्षाला तो आवाज फार आवडायचा. ती म्हणायची, "आबाजी, पापड फुटून राह्यले!" आणि ते म्हणायचे, "आपण नुसते चाललो बेटा, अन् त्यायचं काम होऊन राह्यलं." या आनंदाला काही पैसे पडत नव्हते आणि कोणाला तो सांगावाही लागत नव्हता. म्हातारपणी असे आनंद फार उरत नाहीत.

त्या दिवशीही समोर कोणी नव्हतं. त्यांनी वळवली. पहिल्या हातभर कडकड झालं. मग आवाजच गेला. पसाऱ्याच्या वरचा थर उन्हाने वाळला होता, खाली सगळं ओलं, शेंगांतून सुटलेले दाणे डांबरावर छर्ऱ्यांसारखे, आणि त्यावर बुळबुळीत पाला. हातातलं वजन गेलं. त्यांनी ब्रेक दाबला, जो दाबायचा नसतो. गाडी गोल फिरली, पसारा सगळ्या रस्त्यावर फेकत फिरली, आणि उजव्या अंगाने नालीत उतरली. त्यानंतरची शांतता. कच्च्या सोयाबीनचा ओला, उग्र वास. आणि मागून आकांक्षाचं रडणं नव्हे, नुसतं "आबाजी, आबाजी," जसं कोणी दार वाजवतं तसं.

तिच्या भुवईवर तीन टाके पडले. दवाखान्यात कैलास धावत आला तेव्हा प्रभाकरराव स्ट्रेचरवर होते आणि ती बाजूला उभी होती. कैलासने विचारलं, "झालं कसं?" प्रभाकरराव म्हणाले, "रोडवर सोयाबीन होतं. घसरली." हे खोटं नव्हतं. कैलासने पोरीकडे पाहिलं. "आबाजींना दिसलं नाही का?" आकांक्षा म्हणाली, "नाही. दिसलं नाही. पूर्ण रस्त्यावर होतं." हे खोटं होतं. छत्तीस वर्षांत प्रभाकररावांनी हजारो पोरांचं खोटं ऐकलं होतं. खोटं बोलणारं पोर नेहमीपेक्षा जास्त ताठ उभं राहतं आणि गुरुजींच्या सदऱ्याच्या बटनाकडे पाहतं, हे त्यांना ठाऊक होतं. आकांक्षा बापाच्या सदऱ्याच्या बटनाकडे पाहत होती. आणि प्रभाकररावांना त्या क्षणी जे वाटलं ते त्यांनी स्वतःलाही पुढे कितीतरी दिवस सांगितलं नाही. त्यांना बरं वाटलं होतं.

पहिले काही दिवस ती त्यांच्या खोलीत येऊन बसायची. टाक्यांना खाज येते म्हणायची, गणितं पलंगाच्या कडेवर वही ठेवून करायची. शेजारच्या गल्लीतले सदाशिवराव, प्रभाकररावांचे जुने सोबती, यायचे आणि दारातूनच सुरू व्हायचे, "काय गुरुजी! गाडी वावरात घालाची होती तं मांगं वखर तरी जोडाचा! फुकटात वखरपाळी झाली असती." आकांक्षा हसायची. हसली की टाके ओढायचे, मग ती भुवई धरून हसायची. प्रभाकररावांना वाटायचं, चला, जुळतं आहे.

मग तो रविवार आला. सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. बाहेरच्या खोलीत कैलासचा आवाज चढला आणि त्यापाठोपाठ एक बाई आत आली, पायात चप्पल नाही, ती बाहेर काढून आलेली, हातात कापडी पिशवी. काठी नव्हती म्हणून प्रभाकररावांना ओळखायला वेळ लागला.

"गुरुजी, मी रामबाई. रामबाई कुमरे. सोयाबीन माहंच होतं." ती पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. "एसटीनं आली. चुकलं माह्यं. सकाळी पाणी आलं तवाच उचलाले पाह्यजे होतं. म्हटलं वारा लागन, सुकन. नाई उचललं."

"बाई, रोड काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का?" कैलास दारात उभा होता. "काऊन टाकता? माह्या पोरीचा डोळा गेला असता. पूर्ण रोड भरून टाकला तुम्ही, माणसानं जावं कुठून?"

रामबाईने मान वर केली. तिने कैलासकडे पाहिलं, मग प्रभाकररावांकडे. त्या एका क्षणात प्रभाकररावांना वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलली तर बरं होईल. पण ती म्हणाली, "चुकलंच भाऊ."

"मी ठाण्यात अर्ज देऊन राह्यलो. सांगून ठेवतो."

"द्या."

कैलासला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला. रामबाईने पिशवीतून सीताफळं काढून एकेक पलंगाखाली लावून ठेवली, डोळे उघडलेली वर, कच्ची खाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही मुद्दाम घातली गाडी. पाह्यलं मी. डावा रोड खुल्ला होता. तुम्ही माह्या कामासाठी घातली. असं कोण करते आता? मी नाई सांगत कोणाले. तुमचं पोरगं तुमच्यावर चिडन." ती उठली. "पोरीचं पाह्यजा," म्हणाली, आणि गेली.

प्रभाकररावांनी बोलायला तोंड उघडलं होतं, पण कैलासची पावलं परत येत होती. त्यांनी मान वळवली तेव्हा त्यांना दिसलं, मधल्या दाराच्या पडद्याखाली दोन पाय होते. आकांक्षाचे पाय. ते थोडा वेळ तिथेच राहिले आणि मग गेले.

त्यानंतर ती खोलीत बसायला आली नाही. चहा घेऊन यायची, स्टुलावर ठेवायची, "आबाजी, चहा," म्हणायची आणि निघून जायची. गणितं जेवणाच्या टेबलावर होऊ लागली. प्रभाकररावांना तिथून पेन्सिल खाली ठेवल्याचा, रबर घासल्याचा आवाज यायचा. एकदा त्यांनी हाक मारली, "आकांक्षा, सातचा पाढा अडला वाटते?" ती म्हणाली, "नाही अडला." आणि पुन्हा पेन्सिल. तिने आपल्यासाठी खोटं सांगितलं, ते तिला हलकं वाटलं असेल, आबाजींना वाचवण्याचं एक गुपित. पण आता तिने पाहिलं की त्या खोट्याच्या दुसऱ्या टोकाला एक अनवाणी बाई बसली आहे, आणि आबाजी गप्प आहेत. ते तिच्याकडे काही मागू शकत नव्हते. तिला जवळ बोलावून समजावून सांगावं, तर काय समजावणार? वर्गात त्यांनी कधी पोरांना खरं बोला म्हणून उपदेश केला नव्हता. त्यांची रीत वेगळी होती. पोर खोटं बोललं की ते त्याच्याशेजारी खाली बसायचे आणि थांबायचे. कितीही वेळ. तास संपेपर्यंत. शेवटी पोर स्वतःच बोलायचं. आता त्यांच्याशेजारी कोणी थांबत नव्हतं. सदाशिवरावांना सांगावं असं दोनदा वाटलं, पण सदाशिवराव त्याचा विनोद करतील आणि तो विनोद चांगला असेल, या भीतीने त्यांनी सांगितलं नाही. पलंग सरकत राहिला. एकदा त्यांना वाटलं, गाडी अजून थांबलेलीच नाही. नालीत उतरली तो फक्त तिचा सांगाडा. बाकी सगळं अजून फिरतं आहे, त्यात आपण आहोत, ती पोरगी आहे, आणि आता रामबाईलाही आत ओढलं आहे.

शनिवारी दुपारी ठाण्यातून जमादार आले. हेमराज जमादार, पन्नाशीचे, पोट सुटलेले, बगलेत फाइल. कैलासला सुट्टी होती. त्याने खुर्ची आणून दिली. जमादारांनी आधी पाणी मागितलं, मग सोयाबीनचा भाव काढला, मग यंदाच्या पिवळ्या पडलेल्या शेंगांबद्दल बोलले, कारण त्यांचंही दोन एकर होतं.

"आमच्या घरचे बी टाकतात रोडवर," ते म्हणाले. "पण अर्ज आला तं लिहिणं आलंच. गुरुजी, चार लायनी घेतो, सही मारा, मी चाललो. पूर्ण रोडवर पसारा होता, गाडी घसरली. पंचनाम्यात बी तसंच आहे. बरोबर?"

कैलास म्हणाला, "बरोबर."

प्रभाकरराव पंख्याकडे पाहत होते. त्यांना वाटलं होतं हे बोलायला फार बळ लागेल, पण लागलं नाही. मांजा तुटल्यावर हात जसा आपोआप खाली येतो तसे शब्द आले. "नाही. पसारा उजव्या अंगाला होता. दगड लावलेले होते. डावी बाजू मोकळी होती."

जमादारांचं पेन थांबलं. "मंग?"

"मी वळवली. मुद्दाम. तिच्या शेंगा फुटाव्या म्हणून. रोडभर पसारा झाला तो गाडीनं केला. तिनं नाही केला."

"बाबा, तुमच्या डोक्याले मार लागला आहे. काहीबी बोलून राह्यले."

"डोक्याले नाही लागला. खांद्याले लागला."

जमादार हसणार होते, पण कैलासचा चेहरा पाहून थांबले. कैलास हळू आवाजात बोलला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "माही पोरगी मांगं बसली होती, बाबा."

"हो," प्रभाकरराव म्हणाले. मग त्यांनी घाईने जोडलं, "नेहमी जातो तसा गेलो. वरून वाळलेलं दिसत होतं. खाली ओलं असन हे मले समजलं नाही."

"मी सांगितलं होतं."

आकांक्षा दारात उभी होती. ती आत आली. भुवईवरचे टाके निघाले होते, जागा गुलाबी होती. ती कोणाकडे बघून बोलत नव्हती. ती जमादारांच्या कागदाकडे बघत होती. "मी म्हटलं होतं, आबाजी, ओलं आहे, नका जाऊ. दगडांपाशी पाणी चमकत होतं."

आणि प्रभाकररावांना ते ऐकू आलं. मागच्या सीटवरून, काचेजवळून, तिचा आवाज. पंधरा-वीस दिवस त्यांनी तो रस्ता शंभरदा पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी तो मुका होता. आता त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू आला, मागे न बघता, वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोराला द्यावं तसं प्रेमळ उत्तर दिलेलं. काही होत नाही बेटा, आपण हळू जाऊ. आयुष्यभर ज्यांनी पोरांचं ऐकून घेण्यासाठी खाली बसायची सवय लावून घेतली, त्यांनी हे ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं आणि घेतलं नव्हतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "तिनं सांगितलं होतं. लिहा."

"असं लिहिलं तं सगळं तुमच्यावर येते गुरुजी," जमादार म्हणाले.

"येऊ द्या."

जमादारांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. कागदाखाली पाण्याचा ट्रे धरून पुढे केला आणि प्रभाकररावांनी झोळीतला हात कसाबसा बाहेर काढून सही केली. ती त्यांच्या सहीसारखी दिसत नव्हती. कैलास खिडकीजवळ जाऊन उभा राहिला, पाठ करून. खोलीत कोणी कोणाचं नव्हतं, असं प्रभाकररावांना वाटलं, प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा. पण पलंग सरकत नव्हता.

"झालं," म्हणून जमादारांनी फाइल मिटायला घेतली.

"माझंही लिहा," आकांक्षा म्हणाली.

"तुहं काय बेटा?"

"मी पप्पांना खोटं सांगितलं. दवाखान्यात. दिसलं नाही म्हटलं, आणि पूर्ण रस्त्यावर होतं म्हटलं. त्या आजीवर अर्ज त्याच्यामुळे झाला."

"लहान लेकराचं बयान असं नाई घेता येत, राणी."

"मग कसं घेता येतं?"

जमादारांनी कैलासच्या पाठीकडे पाहिलं. न वळता कैलास म्हणाला, "लिहा तिचं."

जमादारांनी फाइलीतून एक कोरा कागद काढला, ट्रेवर ठेवला. ती त्यांच्या खांद्याजवळ जाऊन उभी राहिली आणि नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, इयत्ता चौथी. जमादार लिहीत गेले आणि ती प्रत्येक शब्द वाचत गेली. एके ठिकाणी तिने बोट ठेवलं. "इथं 'मी' राहिलं." त्यांनी ते वर घातलं. तिने पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत, आणि पेनासाठी हात पुढे केला.